तुरुंगातली पर्पेतुआ, कोनाड्यातली मरिया

इसवी सन 112 च्या सुमाराला काळ्या समुद्राच्या काठावरच्या बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी पेचात पडला होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांचं करायचं काय, हे त्याला कळेना. हे लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि पुन्हा जमून साधं जेवण करतात, एवढंच चौकशीत निघालं होतं. त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. आत काहीतरी काळंबेरं असणार, ते काढून घ्यावं म्हणून त्याने दोन गुलाम बायकांना धरलं आणि त्यांचे हाल केले. सम्राट त्राजनला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की या दोघींना त्यांच्या मंडळीत ‘सेविका’ म्हणतात. हाल करूनही हाती काही लागलं नाही. त्याच्या मते हा सगळा बेताल अंधश्रद्धेचा प्रकार होता.

दोघींची नावं प्लिनीने लिहिली नाहीत. गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची, असा रोमन न्यायाचा रिवाज होता. त्यामुळे त्याच्या लेखी यात नोंद घेण्यासारखं काहीच नव्हतं. पण आपल्या दृष्टीने आहे. ख्रिस्ती लोकांबद्दल रोमन अधिकाऱ्याने लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या कागदांपैकी हा एक. त्यात मंडळीतल्या एकाच पदाचा उल्लेख येतो आणि ते पद बायकांकडे आहे, त्याही गुलाम बायकांकडे.

पहिल्या तीन-चार शतकांतल्या ख्रिस्ती बायकांचा माग काढायचा तर साधनं अशीच मिळतात. कुणाच्या पत्रातला ओझरता उल्लेख, कुणी पाखंड म्हणून केलेली टिंगल, इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकलेलं अर्धंमुर्धं पान. गेल्या पन्नासेक वर्षांत या तुकड्यांवर भरपूर काम झालं. एलेन पेगल्स यांचं ज्ञानमार्गी शुभवर्तमानांवरचं पुस्तक 1979 मध्ये आलं, एलिझाबेथ शूस्लर फिओरेंझा यांचं आद्य मंडळीतल्या स्त्रियांवरचं पुस्तक 1983 मध्ये. मग हा विषय विद्यापीठाची भिंत ओलांडून कादंबऱ्यांत आणि सिनेमांत शिरला आणि गुप्त पुस्तकांच्या मागे लागला. माझ्या मते गर्दी चुकीच्या दारात झाली. त्या काळातल्या एका तरुण बाईने स्वतः लिहिलेला मजकूर आपल्याकडे आहे. तो कुठल्या वाळवंटात पुरलेला नव्हता. चर्चनेच तो जपला आणि जपता जपता झाकूनही टाकला. तिच्याकडे येतोच, पण आधी गर्दीच्या दारात डोकावू.

1896 च्या जानेवारीत कार्ल राइनहार्ट या जर्मन गृहस्थाने कैरोत एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून पपायरसची एक पोथी विकत घेतली. व्यापारी वरच्या इजिप्तमधल्या अखमीमचा. एका शेतकऱ्याला ती भिंतीच्या कोनाड्यात पिसांत गुंडाळलेली सापडली, असं त्याचं सांगणं. जुन्या वस्तू विकणाऱ्याच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावं. पोथी मात्र अस्सल होती. पाचव्या शतकातली, कॉप्टिक भाषेतली, चार ग्रंथ एकत्र बांधलेली. त्यातला पहिला ग्रंथ मरियेच्या नावाचं शुभवर्तमान.

बर्लिनमध्ये कार्ल श्मिट या विद्वानाने तिची आवृत्ती तयार केली. 1912 मध्ये छपाई पुरी होत आली आणि लाइपझिगच्या छापखान्यात पाण्याचा नळ फुटून छापलेला माल वाया गेला. पुढे पहिलं महायुद्ध आलं. श्मिट 1938 मध्ये वारला. वाल्टर टिल यांनी काम हाती घेतलं, तोवर दुसरं महायुद्ध सुरू होतं. ते संपतं न संपतं तोच, 1945 च्या डिसेंबरात, इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात तेरा पोथ्यांचं घबाड सापडलं. त्यात या शुभवर्तमानाची दुसरी प्रत निघेल या आशेने टिल थांबले. ती निघाली नाही. शेवटी 1955 मध्ये पुस्तक छापून बाहेर आलं. विकत घेतल्यापासून छापून येईपर्यंत 59 वर्षं गेली. यात कुणाचा कट नव्हता. फुटका नळ, दोन युद्धं आणि एका विद्वानाचा मृत्यू, एवढंच पुरलं.

या शुभवर्तमानाचा निम्म्याहून जास्त भाग हरवला आहे. सुरुवातीची सहा पानं नाहीत, मधली चार नाहीत. उरलेल्यात जे घडतं ते असं. पुनरुत्थित प्रभू शिष्यांचा निरोप घेऊन जातो. शिष्य रडायला लागतात. त्याचे हाल केले, मग आपल्याला सोडतील काय, ही त्यांची भीती. तेव्हा मरिया उठते, सगळ्यांना धीर देते. पेत्र तिला म्हणतो, प्रभूचा तुझ्यावर इतर बायकांपेक्षा जास्त जीव होता, आम्हाला ठाऊक नसलेलं काही त्याने तुला सांगितलं असेल तर सांग. ती आपल्याला झालेलं दर्शन सांगते. जीव वर वर जात असताना वासना, अज्ञान, क्रोध अशा सत्ता त्याची वाट अडवतात आणि तो प्रत्येकीला उत्तर देऊन पुढे सरकतो. ऐकून झाल्यावर अंद्रिया म्हणतो, हे काही आपल्याला पटत नाही. आणि ज्याने आपण होऊन विचारलं होतं तो पेत्रच उखडतो. प्रभू आम्हाला सोडून एका बाईशी चोरून बोलला असेल? आता आम्ही हिचं ऐकायचं? मरियेला रडू येतं. मी हे मनाने रचलं असं तुला वाटतं का, असं ती त्याला विचारते. मग लेवी मध्ये पडतो आणि पेत्राला सुनावतो, की तू पहिल्यापासूनच तापट. प्रभूने तिला लायक ठरवलं असेल तर तिला झिडकारणारा तू कोण?

प्रसंग इतका ओळखीचा आहे, की वाचताना कुठल्याही बैठकीची आठवण व्हावी. बाईला बोलायला सांगायचं, ती बोलली की तिला हे कुणी सांगितलं म्हणून विचारायचं. पण इथे जपून चालायला हवं. हे लिखाण दुसऱ्या शतकातलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते मग्दालाच्या मरियेने लिहिलेलं नाही. एखाद्या बाईने लिहिलं असेल, पुरुषाने लिहिलं असेल. त्यातून मरियेचं चरित्र कळत नाही. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांत कशावरून भांडण होतं ते कळतं. बाईला झालेलं दर्शन प्रमाण मानायचं का, शिकवण्याचा हक्क कुणाचा, हा तो वाद. ज्यांना यातून येशू आणि मरियेचा संसार उभा करायचा असतो त्यांच्या पदरी फजिती येते. 2012 मध्ये हार्वर्डच्या एका नामवंत प्राध्यापिकेने येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला पपायरसचा तुकडा मोठ्या थाटात जाहीर केला. चार वर्षांत तो बनावट असल्याचं उघड झालं.

आता दुसऱ्या दाराकडे.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या अमलात, इसवी सन 203 मध्ये, आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेज शहरात काही तरुणांना अटक झाली. अजून बाप्तिस्माही न झालेले, दीक्षेची तयारी करणारे हे लोक. त्यांत दोन गुलाम होते, रेवोकातुस आणि फेलिसितास. फेलिसितास आठ महिन्यांची गरोदर. आणि विबिया पर्पेतुआ ही चांगल्या घरची, शिकलेली, लग्न झालेली, बावीस वर्षांची मुलगी. अंगावर पिणारा मुलगा. तिचा नवरा या साऱ्या हकिकतीत कुठेच येत नाही. तो मेला होता, पळाला होता की त्याने हात वर केले होते, यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. तिने स्वतः त्याला एक ओळ दिलेली नाही.

तुरुंगात तिने जे लिहिलं ते एका अनाम संपादकाने जसंच्या तसं आपल्या हकिकतीत घातलं आणि तसं सांगितलंही. तिची लॅटिन साधी आहे, वाक्यं छोटी. अलंकार नाहीत. सुरुवात बापाशी झालेल्या वादाने होते. बाप तिला धर्म सोडायला सांगतो. ती समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला भांड्याखेरीज दुसरं नाव देता येईल का? नाही? मग मीही जी आहे त्याखेरीज दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. बाप इतका संतापतो, की डोळे उपटेल असा अंगावर धावून येतो. पुढे काही दिवस तो फिरकला नाही आणि मला बरं वाटलं, असं ती सरळ लिहून टाकते. हुतात्म्यांच्या चरित्रात असं वाक्य कुणी रचून घालणार नाही.

मग खरा तुरुंग. असला अंधार आपण कधी पाहिला नव्हता, ती लिहिते. गर्दीने कोंदट उकाडा, शिपायांचे पैशांसाठी धक्के आणि या सगळ्यावर बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस हे मंडळीचे दोन सेवक चिरीमिरी देऊन कैद्यांना थोडा वेळ तुरुंगाच्या बऱ्या भागात हलवण्याची सोय करतात. तिथे ती भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजते. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळते आणि तो तुरुंग आपल्याला महालासारखा वाटायला लागतो, असं ती म्हणते. खटल्याच्या दिवशी चौकात सगळ्यांसमोर बाप पुन्हा येतो, बाळाला घेऊन. न्यायासनावर बसलेला हिलारियानुस तिला बापाच्या पांढऱ्या केसांची आणि मुलाच्या वयाची शपथ घालतो. सम्राटांच्या क्षेमासाठी यज्ञ कर, सुटशील. ती नाही म्हणते. बाप तरीही विनवत राहतो तेव्हा हिलारियानुसच्या हुकमावरून त्याला छडीने मारतात. तो मार आपल्यालाच बसल्यासारखं वाटलं, असं ती लिहिते. शिक्षा होते श्वापदांची. तुरुंगात परतल्यावर ती बाळाला आणायला पोम्पोनियुसला पाठवते. बाप बाळ देत नाही. आणि मग ती काय टिपते? बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही आणि आपले स्तनही दुखले-सुजले नाहीत.

ही नोंद मला साऱ्या आद्य ख्रिस्ती साहित्यात एकटी वाटते. संत ऑगस्टीनने आत्मचरित्र लिहिलं तेही थोर आहे, पण दूध साठून स्तन सुजण्याची भीती आणि ती टळल्याची सुटका त्याला कुठून सुचणार? पर्पेतुआला याच सुटकेत देवाचा हात दिसतो.

तिची स्वप्नं तिच्या लिखाणाचा गाभा आहेत. भावाने सुचवलं, की आता तुझी पत मोठी, तू दर्शन माग, मिळेल. ती खात्रीने सांगते, उद्या सांगते तुला. मागते आणि तिला मिळतं. पितळेची आभाळाला टेकलेली शिडी, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे लटकवलेले. पायथ्याशी अजगर. ती त्याच्या डोक्याचीच पहिली पायरी करून चढते. वर बागेत एक पांढऱ्या केसांचा मेंढपाळ मेंढ्यांची धार काढत बसलेला. तो तिला दुधाचा एक घास देतो. जागी झाल्यावर तोंडात गोड चव रेंगाळत असते. दुसऱ्या स्वप्नात तिचा सातव्या वर्षी तोंडाच्या दुखण्याने मेलेला भाऊ दिनोक्रातेस येतो. तहानेने कासावीस, पण पाण्याच्या हौदाचा काठ त्याला पुरत नाही. ती रात्रंदिवस त्याच्यासाठी प्रार्थना करते आणि पुढच्या स्वप्नात काठ खाली आलेला असतो. पाणी पिऊन तो मुलांसारखा खेळायला पळतो. शेवटचं स्वप्न आखाड्याचं. एका इजिप्शियन मल्लाशी कुस्ती. तिचे कपडे उतरवले जातात आणि ती लिहिते, की मी पुरुष झाले. ती त्याला लोळवते, त्याच्या डोक्यावर पाय देते. पण बक्षिसाची फांदी देणारा पंच तिला हाक मारतो ती ‘मुली’ म्हणूनच.

इथे ती थांबते. खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, प्रत्यक्ष खेळात काय होतं ते ज्याला लिहायचं त्याने लिहावं, असं सांगून लेखणी ठेवते.

पुढचं संपादकाने लिहिलं. गरोदर बाईला मारायचं नाही असा कायदा असल्याने फेलिसितासला मागे ठेवतील अशी भीती होती. ती तुरुंगातच बाळंत झाली. मुलगी झाली, ती मंडळीतल्या एका बाईने वाढवली. 7 मार्चला, सम्राटाचा मुलगा गेता याच्या वाढदिवसाच्या खेळांत, दोघींना आधी जाळ्यात गुंडाळून रिंगणात आणलं. एक नाजूक पोर आणि दुसरी नुकती बाळंत झालेली, स्तनांतून दूध गळणारी. पाहणाऱ्यांनाच शहारे आले म्हणून परत नेऊन अंगरखे घातले. त्यांच्यावर सोडली होती माजलेली गाय. तिने पर्पेतुआला उडवलं. खाली पडल्यावर तिने आधी फाटलेला अंगरखा मांडीवर ओढून घेतला, मग केसातला काटा शोधून केस बांधले, कारण मोकळे केस सुतकाचे. मग फेलिसितासला हात देऊन उठवलं. शेवटी गळा चिरायला आलेला गडी नवखा होता. पहिला घाव हाडाला लागला, ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात तिनेच आपल्या गळ्याशी नेला.

कार्थेजच्या ख्रिस्ती लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. दरवर्षी 7 मार्चला ही हकिकत चर्चमध्ये वाचली जाई. पण त्या हकिकतीतच तिच्या सोबत्याचं, सातुरुसचं, एक दर्शन आहे आणि ते पुढच्या धर्माधिकाऱ्यांना अवघड गेलं असणार. स्वर्गाच्या दाराबाहेर बिशप ओप्तातुस आणि मंडळीचे वडील, म्हणजे धर्मगुरू, अस्पासियुस एकमेकांवर रुसून उभे आहेत. ते पर्पेतुआच्या आणि सातुरुसच्या पाया पडतात आणि आमचा समेट करून द्या म्हणतात. ती त्यांच्याशी ग्रीकमध्ये बोलते. बावीस वर्षांच्या, कालपरवा बाप्तिस्मा झालेल्या बाईच्या पायाशी बिशप!

यावर उपाय झाला तो सावकाश आणि सभ्यपणे. दोनशे वर्षांनी ऑगस्टीन तिच्या सणाला प्रवचनं देतो. त्यांत बाईच्या दुबळ्या देहातलं पुरुषी धैर्य त्याला फार भावतं. दुसरीकडे, दिनोक्रातेसच्या स्वप्नाचा आधार घेऊन कुणी वाद घालतं तेव्हा तो बजावतो, की हे लिखाण काही पवित्र शास्त्र नव्हे. मग हकिकतीच्या आटोपशीर आवृत्त्या निघाल्या. त्यांत स्वप्नं आखडली, खटल्याचे प्रश्नोत्तर वाढले आणि चौकात आईबापांबरोबर नवराही हजर झाला. मूळ लिखाणात नसलेला नवरा! मध्ययुगात नकला झाल्या त्या बहुतेक या आवृत्तीच्या. तिच्या स्वतःच्या शब्दांची प्रत सतराव्या शतकात लुकास होल्स्टेनियुस या ग्रंथपालाला इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात सापडली. 1889 मध्ये रेंडेल हॅरिस या इंग्रज पंडिताला जेरुसलेममध्ये तिचं ग्रीक रूप मिळालं.

पर्पेतुआच्या आसपास अशी दर्शनं पाहणाऱ्या बायका आणखी होत्या. तिच्याच गावचा तेर्तुलियान, बाईला सैतानाचं दार म्हणणारा. आपल्या आत्म्यावरच्या ग्रंथात तो एका भगिनीचा दाखला देतो. रविवारच्या उपासनेत तिला दर्शनं होत. लोक पांगल्यावर ती ती सांगे आणि मंडळीतले जाणते ती नीट तपासून पाहत. आत्मा कसा दिसतो, तर मऊ, पारदर्शक, हवेच्या रंगाचा, हे तिने पाहिलं आणि त्याने पुरावा म्हणून लिहिलं. नाव नाही लिहिलं. याच तेर्तुलियानला थेक्लाचा मात्र राग. इकुन्या गावची थेक्ला पौलाचं प्रवचन ऐकत तीन दिवस खिडकीतून हलली नाही, ठरलेलं लग्न मोडलं, आगीतून आणि श्वापदांतून वाचली, रिंगणातल्या पाण्यात उडी घेऊन तिने स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला आणि पुरुषी झगा शिवून पौलाला शोधत निघाली, अशी तिची कथा. काही बायका तिच्या नावावर शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क सांगतात हे तेर्तुलियानच्या कानावर आलं. सन 200 च्या आसपास तो लिहितो, की ती कथा आशियातल्या एका वडिलाने पौलाच्या प्रेमापोटी रचली, ते कबूल केल्यावर त्याला पद सोडावं लागलं. कथा रचलेली होती हे खरंच असेल. पण तिच्यावरून हक्क मागणाऱ्या बायका खऱ्या होत्या, आणि त्यांची बातमी आपल्याला तेर्तुलियानच्या चिडण्यातून मिळते.

पुढे तेर्तुलियान ज्या पंथात गेला त्याच्या मुळाशी दोन बायका होत्या, प्रिस्का आणि मॅक्सिमिला. फ्रुगियातल्या मोंतानुसबरोबर त्या भविष्यवाणी करत. पेपुझा हे त्यांचं पवित्र गाव. या पंथातल्या एका भविष्यवादिनीला तिथे झोपेत ख्रिस्त दिसला तो उजळ वस्त्रातल्या बाईच्या रूपात. चौथ्या शतकातला एपिफानियुस हे पाखंडाचा नमुना म्हणून नोंदवतो, शिवाय हे लोक बायकांना बिशप आणि वडील नेमतात अशी तक्रार करतो. सहाव्या शतकात एफेसच्या योहानाने पेपुझात मोंतानुसची आणि त्या दोघींची हाडं उकरून जाळली. गावाचाही पत्ता पुसला गेला. पश्चिम तुर्कस्तानातल्या उशाक प्रांतात त्याची जागा हुडकली गेली ती 2000 साली.

ईश्वराला आईच्या रूपात पाहणं मात्र फक्त पाखंड्यांकडे होतं असं नाही. सिरियाक भाषेतल्या जुन्या ख्रिस्ती लिखाणात पवित्र आत्मा ‘ती’ आहे. हॅरिसना 1909 मध्ये स्वतःच्याच फडताळातल्या सिरियाक कागदांच्या ढिगात एक स्तोत्रसंग्रह मिळाला. त्यातल्या एका स्तोत्रात पित्याला स्तन आहेत आणि पवित्र आत्मा त्यांतून दूध काढते. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांची धर्मभाषा हीच. त्याच परंपरेतला चौथ्या शतकातला संत एफ्रेम बायकांच्या गायनवृंदांसाठी गीतं रचत असे.

बायकांचा आवाज बसला तो एका दिवसात नाही. मंडळी घरात जमत होती तोवर घरधनीण हीच यजमानीण आणि तिचा अधिकार उघड होता. पौल रोमकरांस पत्र लिहितो तेव्हा शेवटच्या अध्यायात किंख्रियाची सेविका फिबी येते, नवऱ्याच्या आधी नाव घेतली जाणारी दुसरी एक प्रिस्का येते आणि प्रेषितांमध्ये नामांकित अशी युनिया येते. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाला, मोठी सार्वजनिक देवळं उभी राहिली आणि रोमन चावडीचे नियम आत शिरले. लावदिकियाच्या सभेने बायकांना वेदीजवळ जायला मनाई केली. युनियाचं तर पुढे लिंगच बदललं. सुवर्णमुखी योहानाने चौथ्या शतकात ती बाई असल्याचं सांगून तिची वाखाणणी केली होती. पण बाई प्रेषित कशी असेल म्हणून मध्ययुगापासून तिला पुरुष ठरवणं सुरू झालं आणि 1927 पासून ग्रीक नव्या कराराच्या सर्वमान्य आवृत्तीतही ती पुरुष म्हणूनच छापली गेली. 1998 मध्ये ती पुन्हा बाई झाली. मग्दालाची मरिया याहून बदनाम. 591 मध्ये पोप ग्रेगरीने एका प्रवचनात तिला, बेथानीच्या मरियेला आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या पापी स्त्रीला एकच करून टाकलं. कबरीपाशी प्रभूला पहिली भेटलेली साक्षीदार पुढची तेरा-चौदा शतकं पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून चित्रांत रडत राहिली. रोमच्या पंचांगाने 1969 मध्ये हा घोळ निस्तरला आणि 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

तरी सगळ्याच बायका गप्प बसल्या नव्हत्या. 381 ते 384 च्या दरम्यान एगेरिया नावाची एक बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून सिनाय, जेरुसलेम, एडेसा असं फिरली आणि घरच्या भगिनींना लांबलचक पत्र लिहिलं. परतीच्या वाटेवर ती मुद्दाम सेलूकियाला थेक्लाच्या समाधीवर गेली. तिथे थेक्लाची सगळी कथा वाचून घेतली. तिथे तिला जेरुसलेमला ओळख झालेली मार्थाना भेटली, मठाची प्रमुख आणि सेविका. दोघींना किती आनंद झाला ते शब्दांत मावत नाही, असं ती लिहिते. तेर्तुलियानने ज्या कथेवर फुली मारली तिच्याभोवती दोनशे वर्षांनी बायका-पुरुषांच्या मठांचं एक आख्खं गाव नांदत होतं. एगेरियाच्या पत्राची अर्धवट प्रत 1884 मध्ये इटलीतल्या आरेत्सो गावच्या ग्रंथालयात सापडली. नकललेली होती पुन्हा मोंते कासिनोतच.

शिकवण्याचा हक्क कुणाचा, या भांडणाचा एक धागा आपल्याकडे येतो. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी ते योग्य नाही असा सल्ला दिला. भरसभेत शास्त्र्यांसमोर बोललेल्या, हंटर आयोगापुढे साक्ष दिलेल्या बाईला हे सांगणं! त्यांनी प्राचार्य डोरोथिया बील यांना पत्रं लिहून तक्रार केली आणि बिशपांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असं मानायला नकार दिला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून 1924 मध्ये बाहेर पडलं.

वसईत किंवा गोव्यात मिसा ऐकणाऱ्याच्या कानावर पर्पेतुआचं नाव अजून पडतं. धर्मगुरूंनी पहिली ख्रिस्तप्रसाद प्रार्थना संतांच्या पूर्ण यादीसकट म्हटली, तर त्या यादीत फेलिसितास आणि पर्पेतुआ शेजारी शेजारी येतात, गुलाम आधी आणि खानदानी नंतर. 7 मार्चला त्यांचा सणही असतो. पण नाव ऐकणं वेगळं आणि तिने काय लिहिलं ते वाचणं वेगळं. तिचं लिखाण छापील दहा-बारा पानांच्या वर जाणार नाही. लॅटिन शिकलेल्या लोकांची आपल्याकडे वाण नाही. ती पानं मूळ लॅटिनमधून मराठीत कुणीतरी आणावीत, संपादकाची आणि प्रवचनकारांची भर बाजूला ठेवून आणावीत, आणि शक्य झालं तर ते काम एखाद्या बाईने करावं.